रकान्यात लिहिलेली किंमत

अमेरिकेत जुन्या बेसबॉल कार्डाचा मालक कार्डाचा दर्जा ठरवून घेण्यासाठी ते ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीकडे पाठवतो, तेव्हा त्याला एक अर्ज भरावा लागतो. खेळाडूचे नाव, वर्ष, कार्ड काढणारी कंपनी, कार्डाचा क्रमांक हे रकाने कार्डाकडे पाहून भरता येतात. त्यापुढचा रकाना ‘डिक्लेअर्ड व्हॅल्यू’चा, म्हणजे जाहीर मूल्याचा. येथे भल्याभल्यांचा हात अडखळतो. कार्डाची किंमत त्याच्या दर्जावर अवलंबून. दर्जा ठरावा म्हणून तर ते पाठवायचे. आणि अर्ज मात्र दर्जा ठरण्यापूर्वीच किंमत विचारतो. तुरी अजून बाजारात असतानाच घरात भांडण सुरू करण्यातला हा प्रकार वाटतो खरा. परंतु या एका आकड्यावर तीन गोष्टी ठरतात. कंपनी शुल्क किती घेणार, परतीच्या प्रवासात कार्डाचा विमा किती रकमेचा असणार आणि कार्ड गहाळ झाले वा बिघडले तर मालकाच्या हाती काय पडणार. शुल्क भरताना तो आकडा लहान असावा असे वाटते आणि नुकसान झाल्यावर तो मोठा असायला हवा होता असे वाटते. लिहायचा मात्र एकदाच असतो.

ज्या पिढीने बिगफन च्युइंगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे जमवली, त्यांची अदलाबदल केली आणि शेवटी दप्तराच्या तळाशी चुरगळून टाकली, तिला कार्डे जमवण्याचा नाद समजावून सांगण्याची गरज नाही. या नादाचे मूळ तंबाखूच्या धंद्यात आहे. सिगारेटचे नरम पाकीट दुमडू नये म्हणून आत सरकवलेला जाड कागद एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रांनी सजू लागला. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची कार्डे काढली. त्यांत ससेक्सकडून खेळणारे रणजितसिंहजीही आहेत. अमेरिकेत हा मान बेसबॉलने पटकावला आणि पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली.

या व्यवहारातील किमती किती ताणल्या जातात हे समजण्यासाठी एकच कार्ड पुरेसे आहे. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या संचातील ३११ क्रमांकाचे कार्ड न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटलचे. संचातील अखेरचे क्रमांक बाजारात आले तेव्हा बेसबॉलचा हंगाम सरत आला होता आणि मुलांचे लक्ष दुसऱ्या खेळाकडे वळले होते. न विकलेली खोकी वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिली आणि १९६० साली ती बोटीवर लादून अटलांटिक महासागरात बुडवली, असे हा संच घडवणारे साय बर्गर स्वतः सांगत. जी कार्डे आधी विकली गेली तीच उरली. त्यांतील एक मँटल १९९१ साली ५० हजार डॉलरांना विकला गेला होता. एसजीसी या कंपनीने त्याला दहापैकी साडेनऊ गुण दिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांना गेला. पीएसए या दुसऱ्या कंपनीने नऊ गुण दिलेली एक प्रत जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख डॉलरांना विकली गेली होती. कोपरे गोल झालेल्या, घडी पडलेल्या, एक गुण मिळालेल्या प्रतीला अलीकडच्या काळात वीस-तीस हजार डॉलर येतात. चित्र तेच, शाई तीच आणि छपाईही त्याच वर्षीची. फरक आहे तो कागदाच्या प्रकृतीचा.

ही प्रकृती तपासण्याचे काम म्हणजे ग्रेडिंग. तपासनीस भिंगाखाली कोपरे पाहतो, कडा पाहतो, पृष्ठभागावरचे ओरखडे, डाग व छपाईतील ठिपके पाहतो आणि चित्र चौकटीच्या कितपत मध्यावर बसले आहे ते मोजतो. कड कापून नवी धारदार केली आहे का, उडालेला रंग भरला आहे का, हेही त्याने शोधायचे असते. मग एक ते दहामधील गुण ठरतो आणि कार्ड कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोहोरबंद डबीत बंद होते. संग्राहक तिला ‘स्लॅब’ म्हणतात. डबीच्या माथ्यावरच्या चिठ्ठीत वर्ष, नाव, गुण आणि नोंदणी क्रमांक असतो. पीएसए १९९१ साली निघाली ती नाणी तपासणाऱ्या पीसीजीएस या कंपनीच्याच घरातून. नाण्यांच्या बाजारात आधी रुळलेली पद्धत कार्डांना लावण्यात आली. एसजीसी १९९८ सालची. २०२४ मध्ये ती पीएसएच्याच मालक कंपनीने विकत घेतली.

चिठ्ठीवरचा गुण हे शेवटी एक मत असते, हे विसरून चालत नाही. पीएसएने सर्वांत पहिला गुण ज्या कार्डाला दिला ते सिगारेटच्या पाकिटातून आलेले होनस वॅग्नरचे कार्ड हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९०९ ते १९११ या काळातल्या ज्या संचाला संग्राहक टी-२०६ म्हणतात, त्यातील हे दुर्मीळ कार्ड. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ते १९९१ साली ४ लाख ५१ हजार डॉलरांना घेतले. त्याला आठ गुण मिळाले. इतके जुने कार्ड इतके टवटवीत कसे, अशी कुजबुज वर्षानुवर्षे चालू होती. २००७ साली ते २८ लाख डॉलरांना विकले गेले आणि २०१३ मध्ये लिलावाच्या धंद्यातील बडे प्रस्थ बिल मास्ट्रो यांनी न्यायालयापुढील कबुलीत मान्य केले की, या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. जेथे भिंग हाती घेतलेला तज्ज्ञही चकतो, तेथे घरबसल्या किंमत लिहिणाऱ्या मालकाकडून अचूकतेची अपेक्षा कोणी करू नये. अपेक्षा असते ती प्रामाणिक अदमासाची.

हा अदमास नेमका कशाचा? येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. पीएसएच्या व्याख्येनुसार जाहीर मूल्य म्हणजे दर्जा ठरल्यानंतर त्या कार्डाला बाजारात येईल असा मालकाचा अंदाज. कार्ड कितीला विकत घेतले होते, याच्याशी त्याचा संबंध नाही. आजोबांनी पाच सेंटांच्या पुडीतून काढलेले कार्ड म्हणून कोणी पाच सेंट लिहीत नाही. पण दहा वर्षांपूर्वी जत्रेतल्या दुकानातून चाळीस डॉलरांना घेतले म्हणून चाळीस लिहिणारे पुष्कळ आढळतात. डबीत जाण्यापूर्वीची किंमत हाही चुकीचा आधार आहे. सुटे कार्ड आणि डबीतले कार्ड या बाजाराच्या लेखी दोन निराळ्या वस्तू आहेत, कारण सुट्या कार्डाबरोबर ग्राहक शंकाही विकत घेतो.

मोठ्या कंपन्यांच्या सेवा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. प्रत्येक पायरीला कार्डामागे कमाल मूल्याची मर्यादा, ठरावीक शुल्क आणि अंदाजे मुदत. स्वस्त पायरीवर कमी किमतीची कार्डे घेतात आणि ती महिनोन्‌महिने रांगेत राहतात. वरच्या पायरीवर शुल्क कित्येक पट, पण काम काही दिवसांत. हे आकडे कंपन्या वारंवार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशीचे दरपत्रक पाहणे हेच इष्ट. किमतीबरोबर शुल्क का वाढावे, असा प्रश्न स्वाभाविक आहे. शंभर डॉलरांच्या आणि लाख डॉलरांच्या कार्डाला कोपरे चारच असतात. कंपन्यांचे उत्तर असे की, महाग कार्ड अधिक अनुभवी डोळ्यांखालून जाते, ते ताब्यात असेपर्यंतची जोखीम मोठी असते आणि दिलेला दर्जा पुढे चुकीचा ठरला तर हमीपोटी भरपाईही मोठी द्यावी लागते. या उत्तरात तथ्य आहे. तरीही गुण जितका वरचा तितके शुल्क अधिक, अशी रचना असलेल्या कंपनीनेच गुण द्यावेत, यावर संग्राहकांमध्ये होणारी टीका निराधार म्हणता येत नाही.

मालकाने लिहिलेला आकडा आणि गुण ठरल्यावरची बाजारातील किंमत यांत मोठी तफावत निघाली आणि कार्डाने आपल्या पायरीची मर्यादा ओलांडली, तर कंपनी ते वरच्या पायरीवर नेते आणि फरकाची रक्कम वसूल करते. संग्राहकांच्या बोलीत हा ‘अपचार्ज’. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला तो दंड वाटतो. वस्तुतः कार्ड अपेक्षेपेक्षा चांगले निघाल्याचे ते चिन्ह असते आणि बहुतेक वेळा वाढीव शुल्क वाढलेल्या किमतीपुढे किरकोळ असते. सावध मालकाने ही शक्यता खर्चात आधीच धरलेली असते.

खरी गोम आहे ती खाली लिहिलेल्या आकड्यात. स्वस्त पायरीत बसावे म्हणून बाराशे डॉलरांच्या कार्डापुढे चारशे लिहिण्याचा मोह अनेकांना होतो. कार्ड सुखरूप परत आले तर काही डॉलर वाचतात आणि त्यामुळे पुढच्या वेळी तोच मोह अधिक सहज वाटतो. ते परतीच्या वाटेवर हरवले, तर मात्र मालकाला बाराशेचा हक्क सांगता येत नाही. चारशेचा आकडा त्याने स्वतः लिहून खाली सही केलेली असते.

हा नियम कार्डांपेक्षा फार जुना आहे आणि त्याची कसोटी घोड्यांवर लागली होती. हार्ट नावाच्या एका मालकाने पेनसिल्व्हेनिया रेल्वेने आपले पाच घोडे आणि काही सामान जर्सी सिटीहून सेंट लुईसला पाठवले. पावतीवर प्रत्येक घोड्याचे मूल्य २०० डॉलरांहून अधिक नाही, असे मान्य केलेले होते आणि भाडे त्या हिशेबाने ठरले होते. वाटेत रेल्वेच्या निष्काळजीपणामुळे एक घोडा मेला, बाकीचे जखमी झाले. मेलेला घोडा शर्यतीचा असून त्याची किंमत १५,००० डॉलर होती, हे सिद्ध करण्याची मालकाची तयारी होती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली निकाल दिला तो मालकाच्या विरोधात. कमी मूल्य मान्य करून कमी भाड्याचा लाभ घ्यायचा आणि नुकसान झाल्यावर जास्त मूल्य मागायचे, हे न्यायाचे नव्हे, असा त्या निकालाचा आशय. हार्ट यांच्या पदरी सर्व मिळून १,२०० डॉलरच पडले. चूक रेल्वेची होती, याबद्दल कोणाचाच वाद नव्हता. तरीही पावतीवरचा आकडा चुकीपेक्षा भारी ठरला.

आपल्याकडेही हे तत्त्व त्याच काळात आले. १८६५ च्या कॅरिअर्स ॲक्टमध्ये सोने, चांदी, जडजवाहीर अशा मौल्यवान वस्तूंची यादी होती आणि शंभर रुपयांहून अधिक किमतीची अशी वस्तू पाठवताना तिचे वर्णन व किंमत स्पष्टपणे जाहीर केली नसेल, तर ती हरवल्यास वाहतूकदार जबाबदार नसे. २००७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. जास्त भरपाईचा हक्क हवा असेल तर जास्त जोखमीचा दर भरायचा, ही कल्पना त्यातही कायम आहे. मडगाव वा बेळगावच्या ट्रान्स्पोर्ट कंपनीच्या पावतीवर ‘ओनर्स रिस्क’ असा शिक्का मारलेला असतो. तो वाचण्याची तसदी कोणी घेत नाही, कारण आत बहुधा तांदूळ असतो किंवा फर्निचर. कार्ड पाठवणाऱ्याला मात्र तो वाचावाच लागतो.

मग आकडा काढायचा कसा? पहिले काम म्हणजे आपल्या कार्डाकडे परक्याच्या नजरेने पाहणे. तिरप्या प्रकाशात धरल्यावर जी बारीक घडी दिसते, ती समोरून पाहताना दिसत नाही. आणि घडी असलेले कार्ड बाकी कितीही देखणे असले तरी वरच्या गुणांपर्यंत पोहोचत नाही. डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या कोऱ्या पट्ट्या मोजपट्टीने मोजाव्यात. कार्डाची लांबी-रुंदीही मोजावी. १९५२ चे टॉप्स कार्ड २⅝ इंच रुंद व ३¾ इंच उंच असते. १९५७ पासून अडीच बाय साडेतीन इंच हे माप रूढ झाले. कार्ड मापाला कमी भरले तर कापाकापीची शंका येते आणि मग गुणांचा प्रश्नच उरत नाही. कंपनी गुण नाकारते, शुल्क बहुधा परत मिळत नाही आणि किमतीचा मोठा भाग त्याच क्षणी गळून पडतो. बहुतेक मालक आपल्या कार्डाला मनातल्या मनात एक-दोन गुण जास्त देतात. आपले कार्ट ते बाळ्या, ही वृत्ती कागदाच्या तुकड्यालाही सोडत नाही.

दुसरे काम म्हणजे झालेले सौदे पाहणे. संकेतस्थळावर कोणी काय भाव लावून ठेवला आहे, यावरून काहीच सिद्ध होत नाही. वर्षभर न विकली गेलेली वस्तूही मालकाच्या इच्छेप्रमाणे कितीही किमतीची दिसू शकते. ई-बेवरील पूर्ण झालेली विक्री, हेरिटेज किंवा गोल्डिनसारख्या लिलावगृहांचे निकाल आणि पीएसएने स्वतः ठेवलेली लिलावभावांची नोंद हे खरे आधार. त्याच कंपनीच्या डबीतले, त्याच गुणाचे कार्ड अलीकडे कितीला गेले, हे पाहावे. जोडीला आणखी एक तक्ता उपयोगी पडतो. कोणत्या कार्डाच्या कोणत्या गुणाच्या किती प्रती आजवर नोंदल्या गेल्या, याची गणती कंपन्या प्रसिद्ध करतात. वरच्या गुणाच्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असल्या की एका गुणाच्या फरकाने किंमत दुप्पट-तिप्पट होते. हजारोंनी असल्या की होत नाही.

समजा, एखाद्या कार्डाला पाच ते सात यांदरम्यान गुण मिळतील आणि सहा मिळण्याची शक्यता सर्वाधिक, असे मालकाला वाटते. अलीकडच्या सौद्यांत पाच गुणांच्या प्रती ९०० डॉलरांना, सहाच्या १,३०० ला आणि सातच्या २,४०० ला गेल्या आहेत. येथे ९०० लिहिणे हे भय झाले आणि २,४०० लिहिणे ही आशा. लिहायचे ते १,३००. सहा गुण मिळाले तर विमा पुरेसा. पाच मिळाले तर थोडे शुल्क जास्त गेले, एवढेच. सात मिळाले तर कंपनी फरक मागेल आणि तो आनंदाने द्यावा. सौद्यांच्या नोंदींची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत. पुढे वाद झालाच, तर ‘मला असे वाटले होते’ या वाक्यापेक्षा त्या तीन चित्रांना वजन असते.

तारीख म्हटले ते उगाच नव्हे. महासाथीच्या काळात घरात अडकलेल्या अमेरिकेने माळ्यावरची खोकी उघडली आणि कार्डांचा बाजार पेटला. मायकेल जॉर्डनच्या १९८६ च्या फ्लिअर कार्डाची दहा गुणांची प्रत जानेवारी २०२१ अखेर ७ लाख ३८ हजार डॉलरांना गेली आणि काही महिन्यांतच तसल्याच प्रतीचा भाव अडीच लाखांच्या खाली आला. त्याच सुमारास पीएसएकडे कार्डांचा असा पूर आला की, मार्च २०२१ अखेर तिने आपल्या बहुतेक सेवा तात्पुरत्या बंद केल्या. आधी पोहोचलेली कार्डे महिनोन्‌महिने रांगेत होती. पाठवतानाचा अदमास आणि परत येतानाचा बाजार यांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. म्हणून लांब मुदतीच्या स्वस्त पायरीवर अस्थिर भावाचे कार्ड पाठवणे हा एक प्रकारचा सट्टाच. जुन्या, म्हणजे युद्धपूर्व किंवा पन्नाशीच्या दशकातील कार्डांचे भाव तुलनेने सावकाश हलतात. मालकाला मिळणारा हा एक दिलासा आहे. मात्र तोही पूर्ण भरवशाचा नाही.

आकडा फुगवून लिहिण्यानेही काही साधत नाही. हरवले तर जास्त मिळेल, असा हिशेब त्यामागे असतो; पण विम्याचे तत्त्व नुकसान भरून देण्याचे आहे, नफा करून देण्याचे नव्हे. दावा आला की पुरावा मागितला जातो आणि बाजारभाव कमी निघाला तर भरपाईही तेवढीच ठरते. मधल्या काळात शुल्क मात्र वरच्या पायरीचे जाते, परतीचा टपालखर्चही वाढतो. काहींना असे वाटते की मोठा आकडा पाहून तपासनीस प्रभावित होईल आणि एखादा गुण वाढवेल. किंमत लिहून गुण मिळत असते, तर भिंगाची गरजच उरली नसती.

अर्जावरचे जाहीर मूल्य आणि कार्ड पाठवताना टपाल कचेरीत लिहायचे मूल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. अर्जावरचा आकडा कार्ड कंपनीच्या ताब्यात आल्यानंतर लागू होतो. जाताना पार्सल हरवले तर कंपनीचा संबंध नाही. त्या प्रवासाची जोखीम पाठवणाऱ्याची. अमेरिकी टपाल खात्याच्या रजिस्टर्ड मेलने ५० हजार डॉलरांपर्यंतचा विमा मिळतो. हे पार्सल संथपणे, पण प्रत्येक हातातून सहीनिशी जाते, म्हणून जुने संग्राहक त्यालाच पसंती देतात. खासगी कुरियरकडे मोठा आकडा लिहून निर्धास्त होणे धोक्याचे. संग्रहणीय वस्तूंसाठी त्यांच्या नियमांत वेगळी आणि बरीच खालची मर्यादा असू शकते आणि ती बारीक अक्षरांत असते. त्याहून किमती कार्डांचे मालक ती टपालाने पाठवतच नाहीत. १९८० पासून भरणाऱ्या राष्ट्रीय संग्राहक मेळाव्यासारख्या ठिकाणी ग्रेडिंग कंपन्यांचे गाळे असतात. तेथे कार्ड हातोहात देता येते.

जाहीर मूल्याचा कराशी संबंध जोडून घाबरणारेही आहेत. हे मूल्य म्हणजे उत्पन्न नव्हे. अमेरिकेत कर लागतो तो विकल्यावर झालेल्या नफ्यावर आणि दीर्घकाळ बाळगलेल्या संग्रहणीय वस्तूंसाठी त्याचा कमाल दर २८ टक्के आहे. अर्जावर कमी आकडा लिहून तो कर चुकत नाही. जास्त लिहून वाढतही नाही.

मराठी घरांतील जी मुले अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये स्थायिक झाली, त्यांच्यापैकी काहींना हा नाद लागला आहे आणि काहींची कार्डे येथे आई-वडिलांच्या कपाटात आहेत. येथून कार्ड पाठवायचे तर आकडा तीन ठिकाणी लिहावा लागतो: कंपनीच्या अर्जावर, विम्याच्या कागदावर आणि सीमाशुल्काच्या जाहीरपत्रावर. कर वाचावा म्हणून सीमाशुल्काला दहा डॉलर आणि कंपनीला हजार डॉलर सांगणाऱ्याचे दोन्ही कागद एकाच पार्सलबरोबर फिरत असतात. तपासणीच्या वेळी ते एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. शिवाय गेलेली वस्तूच परत आली आहे, ती नवी आयात नव्हे, हे परतीच्या वेळी दाखवून द्यावे लागते. जाताना सुटे असलेले कार्ड येताना डबीत आणि नव्या चिठ्ठीसह येते, तेव्हा ते तेच आहे हे कसे पटवायचे? पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे, प्रत्येक डाग व झिजलेला कोपरा दिसेल अशी, घेऊन ठेवणे आणि निर्यातीच्या कागदांत तसे वर्णन नोंदवणे हा त्यावरचा उपाय.

गोव्यातील घरांत कार्डांपेक्षा पोर्तुगीज अमलाखालील नाणी आणि नोटा सापडण्याचा संभव अधिक; आणि नाणी तपासणाऱ्या परदेशी कंपन्यांच्या अर्जांवरही जाहीर मूल्याचा हाच रकाना असतो. तो भरण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारायला हवा. भारतातील १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपत्ती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. दर्जा ठरवून लगेच परत आणायची असली तरीही नाही. १८८१ किंवा १८८२ सालची पोर्तुगीज इंडियाची चांदीची रुपिया हातात असेल, तर तिच्यापुढे कोणता आकडा लिहावा हा प्रश्नच निर्माण होत नाही. बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या १९५९ सालच्या एस्कुदो नोटा अजून शंभरीच्या अलीकडे आहेत.